पाइपलाइनच्या नमुन्यातलं लग्न

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. कागद माझा, पेन माझं. टेबल तेवढं पाणीपुरवठा खात्याचं आहे, त्याला इलाज नाही. घरून फोन केला असता, पण फोन बाबांच्या दुकानात, आणि मी बोलायला लागले की आई, काका आणि सोफा न्यायला आलेलं गिऱ्हाईक असे सगळे आपापली कामं थांबवून ऐकतात.

लग्न बारा मेला ठरलं हे तुला कळलंच असेल. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. फार शांत आहे. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना धीर देऊन देऊन तसा झाला असावा.

बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मशीन काढू." जाड कापडाचं, सोफे शिवायचं. विकू म्हणाले नाहीत, काढू म्हणाले, जसा काही दुखरा दातच. आत्या, त्या मशीनवर माझी पहिलीपासूनची फी शिवली गेली आहे. ते गेलं तर बाबा साठाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात रोजावर जाणार. मला ते बघवणार नाही.

म्हणून ठरवलं, घरात एक लाख साठ हजार आहेत, तर लग्न तेवढ्यातच बसवायचं. हवेतलं नाही, खऱ्याखुऱ्या आकड्यांचं बजेट करायचं. आपल्या घरात हा प्रकार आजवर कुणी केलेला नाही, आणि मला एकच नमुना येतो. मी नव्या पाइपलाइनची इस्टिमेटं करते. तोच घेतला. लांबीच्या रकान्यात पाहुणे, व्यासाच्या रकान्यात ताटं. बोलावलेले दीडशे. त्यातून 'न येणारे' बारा वजा, कारण कुठल्याही लग्नात काही जण येत नाहीतच. जेवणावर पंधरा टक्के 'गळती', म्हणजे न बोलावता येणारे. आणि शेवटी सगळ्यावर दहा टक्के 'अनपेक्षित'. बेरीज एक लाख त्रेपन्न हजार तीनशे सत्तावन्न. मशीन शाबूत!

आता सांगते ते पोटात ठेव. हॉलचं भाडं मी अठरा हजार लिहिलं आहे. खरं तीस आहे. तीस लिहिले असते तर बेरीज घरातल्या पैशांच्या वर गेली असती आणि मशीन गेलंच असतं. वरचे बारा मी माझ्या पगारातून गुपचूप भरणार. मुलीच्या लग्नात मुलीचा पैसा लावायचा नाही असा बाबांचा हट्ट तुला माहीत आहे. हॉलमालकाला सांगून ठेवलंय, बाबा आले की अठरा म्हणा. जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला. लिहून झाल्यावर हात धुतले.

बाबांनी तो कागद काचेत बसवून मशीनच्या वर टांगला. मला मोठ्याने वाचायला लावला आणि सगळे उभं राहून ऐकत होते. आपल्याकडे कागद म्हणजे हुकूमच. एक कागद आला आणि आपण जुनी खोली सोडली. काकांच्या कारखान्यात मिशी नको असा कागद लागला तेव्हा त्यांनी मिशी काढली. तो कागद स्वयंपाकघरातल्या लोकांसाठी होता हे नंतर कळलं. पण या वेळी कागद आपल्याच पोरीचा, घरात एकट्या शिकलेल्या 'मास्तरणी'चा, म्हणून सगळे खूश आहेत.

तुझी,
मास्तरीण


१४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

आत्याचा आशीर्वाद. तुझं पत्र खालच्या औषधवाल्याकडून दोनदा वाचून घेतलं, एकदा बातमीसाठी आणि एकदा आकड्यांसाठी. तो म्हणतो बेरीज बरोबर आहे. त्याच्या म्हणण्याला काय अर्थ म्हणा, खोकल्याच्या बाटलीची छापील किंमत घेतो मेला. (ती छापीलच असते. — लिहिणारा)

बारा हजारांचं पोटात ठेवलं. तुझी शपथ, दादाला कळणार नाही. तुझ्या पगाराचं नाव जरी निघालं तरी तो मशीनच काय, दाराच्या बिजागऱ्याही काढून विकेल. माझ्या लग्नात त्याने स्वतःची सायकल विकली आणि हॉलवर चालत आला. वर मला म्हणतो, "चालल्याने भूक चांगली लागते." तेव्हा मी लहान होते, त्याला अडवायची अक्कल नव्हती. तुला आहे, तर नीट वापर.

खोटं लिहिलंस म्हणून हात धुतलेस म्हणे. साबणाचा खर्च धरलास का?

एक मात्र मला कळलं नाही. ते न येणारे बारा कोण? नावं कळव. आतापासून त्यांच्यावर राग धरायला घेते, आयत्या वेळी घाई नको. (इथलं एक वाक्य मी सौम्य करून शेवटी गाळलं आहे. — लिहिणारा)

तुझी आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

तू विचारलंस तेच बाबांनीही विचारलं. "ते बारा कोण?" मी म्हटलं, "बाबा, त्यांना नावं नसतात. सरासरी असते." बाबा म्हणाले, "नावं नसलेली माणसं न येऊन कसं चालेल?" आणि त्यांनी घरात बैठक बोलावली.

बैठकीत बारा नावं ठरली. मग बाबा बिस्किटांचे बारा पुडे घेऊन बाराही घरी स्वतः गेले. प्रत्येक दारात हात जोडून म्हणाले, "मुलीचं लग्न आहे. अगत्याने न येण्याचं करावं." लोक आधी गांगरले. पण बिस्किटं मिळाली, मान मिळाला, आहेर वाचला, हे लक्षात आल्यावर बातमी पसरली. समोरच्या इमारतीतली नर्स मला जिन्यात अडवून म्हणाली, "आमचं काय चुकलं म्हणून आम्हाला यावं लागतंय?" आज घडीला न येऊ इच्छिणारे एकतीस आहेत आणि बाबा एकोणीस जणांची समजूत घालत फिरतायत.

गळती आईने अंगावर घेतली आहे. एकशे अडतीस ताटांवर पंधरा टक्के म्हणजे वीस ताटं आणि वर थोडंसं. वीस जणींना ती सांगून आली, "न बोलावता या हं, विसरू नका." एक बाई म्हणाली, "मग सरळ बोलवाच ना." आई म्हणाली, "बोलावता येत नाही. तुम्ही गळतीत आहात." वरच्या थोड्याशासाठी तिने एक दोन वर्षांचं मूल धरलं आहे.

आणि अनपेक्षित! काकांनी मला गंभीरपणे विचारलं, "अनपेक्षित कधी ठेवायचं? जेवणाआधी की जेवणानंतर?" मामा म्हणाला, "मी चक्कर येऊन पडतो." काका म्हणाले, "मोठा मी. चक्कर माझी." दोन दिवस अबोला होता. शेवटी चक्कर काकांना आणि भांडण मामाला असं वाटून दिलं. काका रोज संध्याकाळी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर पडायचा सराव करतात. फोटोग्राफरला वेळ कळवली आहे.

मी सगळ्यांना बसवून समजावते. ते प्रेमाने ऐकतात आणि म्हणतात, "तू लिहिलंस ना? मग तू कशाला काळजी करतेस? आम्ही करतोय." परवा लिफ्टवाले आले होते (लग्नाआधी त्यांना काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही). त्यांनी हळूच विचारलं, "त्या एकशे अडतीसांत मी आहे का?" आम्ही कागद पाहिला. नव्हते. मीही नव्हते. बाबा बराच वेळ डोकं खाजवत होते. मग न येणारे दोन वाढवून आम्हा दोघांना आत घेतलं. लिफ्टवाले आभारी आहेत.

शनिवारी बाबा हॉलचे पैसे भरायला जाणार. माझ्याकडे तपासणी आहे, मला जाता येत नाही. मालकाला पुन्हा आठवण केली आहे. सगळं ठीक होईल असं मी दर तासाला मनाशी म्हणते आहे.

तुझी,
मास्तरीण


१५ मार्च

मास्तरीणबाई,

आत्याचा आशीर्वाद. पत्र पोचलं. मजेत आहे. इकडे हवा बरी आहे.

माझा गुडघा धरला आहे. प्रवास काही झेपायचा नाही. तेव्हा त्या न येणाऱ्यांत माझंही नाव घाल, एका ताटाचा खर्च कमी. बिस्किटं पोस्टाने पाठवू नकोस, चुरा होतो. वाईट वाटून घेऊ नकोस, मला न येण्याचा आनंदच आहे.

दादाची काळजी घे. त्याला उगाच काही विचारू नकोस. बाकी काही नाही. (खरोखर एवढंच सांगितलं. — लिहिणारा)

तुझी आत्या

ताई वर गेल्या आहेत म्हणून हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो.

गुडघा उत्तम आहे. परवाच माझ्या दुकानाचं शटर अडकलं ते त्यांनी लाथ मारून उघडलं. गुडघ्याच्या पट्ट्याची किंमत विचारून गेल्या, घेतला नाही.

आपले वडील त्यांना माझ्या दुकानातल्या फोनवर फोन करतात. ताई मोठ्याने ऐकतात, त्यामुळे मलाही ऐकू येतं. शनिवारी हॉलवर मालक नव्हते, त्यांचे मेहुणे बसले होते. त्यांना आपली व्यवस्था माहीत नव्हती. त्यांनी तीस हजार सांगितले. आपल्या वडिलांनी अठरा दिले आणि बारा देणं राहिले.

आता कठीण भाग. कागद चुकू शकतो हे त्यांच्या मनात आलंच नाही. पैसे काढण्याआधी त्यांनी हॉलमधल्या एका खुर्चीवर हात फिरवून "काय भिकार गादी आहे" असं म्हटलं होतं. ते ऐकून मेहुण्यांनी रागाने भाव वाढवला अशी त्यांची खात्री आहे. ते फोनवर रडत होते. म्हणाले, "पोरीने अठरा लिहिले होते. माझ्या तोंडाने तीस झाले." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि त्या खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी माफी मागितली. मेहुणे घाबरले, पण भाव कमी केला नाही.

मशीन त्यांनी रेग्झिनवाल्याला चाळीस हजारांत द्यायचं ठरवलं आहे. तो पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. दुरुस्तीला पाठवतोय असं घरी सांगणार आहेत. ताईंनी तिकिटाला साठवलेले चार हजार त्यांना पाठवून दिले. ते मशीन वाचायला पुरत नाहीत हे त्यांनाही कळतं.

आपल्याला सांगू नये अशी वडिलांनी ताईंना शपथ घातली आहे, आणि वडिलांना सांगू नये अशी आपण. ताई चार दिवस दोन्ही शपथा घेऊन जिना चढउतार करतायत. मी कुणाचीच शपथ घेतलेली नाही.

खालचा औषधवाला


२४ मार्च

प्रिय आत्या,

पत्र शनिवारी ऑफिसात मिळालं. मी वाचलं आणि लगेच घरी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. शनिवारभर वाक्य जुळवत बसले. बाबांसमोर गेले की ते म्हणायचे, "तुझा कागद आहे म्हणून निभावतंय हो," आणि मी चहा विचारून परत फिरायचे. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं वाचून तुला मी धीट वाटेन.

रविवारी सकाळी दारात हातगाडी उभी राहिली. रेग्झिनवाला, काका, मामा तिघांनी मशीन उचललं. अर्धं गाडीवर, अर्धं उंबऱ्यावर असताना मी जोरात ओरडले, "थांबा! हॉल आधीपासून तीसच होता. अठरा मी खोटे लिहिले."

सगळे थांबले. बाबा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "माझी बाजू घेऊ नकोस. मी त्या खुर्चीला भिकार म्हणालो होतो."

"बाबा, खुर्चीचा काही संबंध नाही."

"तू तिथं नव्हतीस."

"पण कागद मी लिहिलाय!"

"तेच तर सांगतोय. कागदात अठरा आहेत." आणि काचेकडे बोट केलं, बरोबर हॉलच्या ओळीवर. आत्या, त्यांना वाचता येत नाही, पण कुठली ओळ कशाची हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

काका मशीनचा पाय धरून वाकलेले, तसेच म्हणाले, "कागद खोटा? मग मी महिनाभर पडत का होतो?"

मामा म्हणाला, "तू पडत होतास, मी भांडण पाठ केलंय. त्याचं काय?"

रेग्झिनवाला म्हणाला, "द्यायचं की नाही ते ठरवा. गाडीचं भाडं तासावर आहे."

मी म्हटलं, "बाबा, हे इस्टिमेट आहे."

"माहीत आहे."

"इस्टिमेट म्हणजे काय ते माहीत आहे?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने काकांकडे. काकांचे हात अडकलेले होते.

"अंदाज, बाबा. इस्टिमेट म्हणजे अंदाज."

"म्हणजे बारा जण येणार नाहीत हा…"

"अंदाज."

आई म्हणाली, "अगं बाई! आणि मी त्या वीस जणींना सक्ती केली."

बाबा गाडीच्या कडेवर बसले. "तुझ्या ऑफिसात जमिनीखालून गावभर पाणी सोडतात, ते?"

"तेही अंदाजाने. कधीकधी चुकतो."

"मग काय करता?"

"दुसरा कागद करतो."

"आणि आपल्याला खोली सोडायला लावली तो कागद?"

"ते मला माहीत नाही. पण कुणीतरी माझ्यासारखीनेच लिहिला असेल."

"तुझ्यासारखी? म्हणजे अशी घाबरत घाबरत?"

मी मान हलवली. मग बाबांनी विचारलं, "वरचे बारा कुठून आणणार होतीस?" मी सांगितलं. ते रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते उभे होते आणि त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"म्हणजे मी म्हटल्यामुळे तीस झाले नाहीत."

"नाही."

"मग त्या खुर्च्या खरोखरच भिकार आहेत."

"खरोखरच, बाबा."

"कापूस गोळा झालाय, शिवण उसवलीय, माणूस बसला की खिळा लागतो. आणि मी त्यांची माफी मागितली!" एवढं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले.

मशीन तसंच, अर्धं आत अर्धं बाहेर. काका-मामा टेकू देऊन उभे. गाडीचं दोन तासांचं भाडं मी दिलं. माझ्या पैशांनी दिलं, कुणी अडवलं नाही. लिफ्टवाले सहज म्हणून आले, परिस्थिती पाहिली आणि काही न विचारता मशीनखाली दोन विटा लावून काकांची सुटका केली. यांना यापुढे 'अहो' म्हणणार आहे. ठरलं.

बाबा परत आले ते डोक्यावर एक खुर्ची घेऊन. ती त्यांनी रस्त्यात सगळ्यांसमोर ठेवली. हॉलमालकाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या खुर्च्या भिकार आहेत. मालक म्हणाले, "ते मलाही माहीत आहे, पण शिवणारा मिळत नाही." एकशे चाळीस खुर्च्यांच्या गाद्या, मजुरी राहिलेले बारा हजार, कापड मालकाचं.

रेग्झिनवाल्याने विचारलं, "म्हणजे मशीन नाही?"

बाबा म्हणाले, "रेग्झिन दे. भाव नीट लाव."

आत्या, नवा कागद करायला घेतला आहे. तुझं नाव कुठे लिहायचं ते विचारत नाही. लिहिलं आहे.

तुझी,
मास्तरीण


३ एप्रिल

आत्या, हे बाबा सांगतायत आणि मी लिहिते आहे. मी काही सौम्य करणार नाही असं त्यांना कबूल केलं आहे.

छकुले,

दादाचा आशीर्वाद. आम्ही अंदाजे मजेत आहोत. लग्न अंदाजे बारा मेला आहे. (नक्की बारा मेला आहे, आत्या. हा शब्द त्यांना फार आवडला आहे. काल वीजबिल आलं, तेही हातात घेऊन म्हणाले, "ठीक आहे, त्यांचा अंदाज कळला.")

तुझा गुडघा बरा आहे हे कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस, आणि शटरला लाथा मारू नकोस. तुझे चार हजार मी परत करत नाही. त्यांची तिकिटं काढली आहेत, तुझं आणि त्या औषधवाल्याचं. त्यांना म्हणावं, घरात शपथ न घेतलेला एक तरी माणूस हवा.

न येणारे सगळे येतायत. एकतीसच्या एकतीस. मी बिस्किटं परत मागितली नाहीत. गळतीतल्या बायका म्हणतात आम्हीही येणार. ताटं किती लागतील ते मास्तरीण दर दोन दिवसांनी नव्याने मांडते आणि खोडते. पुरलं तर पुरलं, नाहीतर मी मागाहून जेवेन. (हे मी तीनदा नको म्हटलं.) भाऊ म्हणतो पडायचा सराव झालाच आहे, वाया कशाला घालवू, पडतोच. त्याला पडू देणार आहे. मऊ पडेल अशी खुर्ची खाली ठेवीन.

पोरीच्या पगाराचं मी मनाला लावून घेतलं नाही असं तू समजू नकोस. लावून घेतलंय. पण रागाने नाही. तू माझ्या लग्नातल्या सायकलीचं म्हणाली होतीस, (तुझ्या लग्नातल्या. मी दुरुस्त केलं तर म्हणाले, राहू दे.) ती विकली तेव्हा मला वाटलं होतं, घरासाठी काढून द्यायचं ते आपणच, एकट्यानेच. त्या दिवशी गाडीच्या कडेवर बसलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या पाठीमागे कुणीतरी

आत्या, वाक्य इथेच थांबलं आहे. बाबा मधेच उठले, म्हणाले थांब, ही एक शिवण धरून येतो. चौतिसावी खुर्ची चालू आहे. मी दोनदा हाक मारून विचारलं, "पाठीमागे कुणीतरी काय, बाबा? काय लिहू?" पण मशीन सुरू झालं की त्यांना काही ऐकू येत नाही.